थंडीत वाळवी दिसेनाशी होते, जात नाही: माती परत परत का चढते आणि काय तपासायचं

दरवर्षी डिसेंबर लागला की ओळखीपाळखीतून मला दोन-चार फोन येतातच. बाथरूमच्या चौकटीला परत माती चढलीय, गेल्या वर्षीच तर औषध मारलं होतं, मग हे कसं काय. नाशिकचं आमचं रो हाऊस, माहेरचं संगमेश्वरकडचं जांभ्याचं घर आणि नणंदेचा तळमजल्यावरचा फ्लॅट, अशा तीन ठिकाणी मिळून गेल्या अकरा वर्षांत ही वाळवी मी इतक्यांदा काढलीय की आता फोटो आला तरी माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: त्या भिंतीच्या पलीकडे पाणी कुठे आहे? आणि दुसरा, तुम्ही त्यावर काही मारलंत का? मारलं नसेल तर अजिबात मारू नका, आधी हे सगळं वाचा.

लक्षणं

भिंतीवर, स्कर्टिंगच्या वर, टाइल्सच्या फटीतून किंवा वायरच्या पट्टीला धरून पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची रेघ वर चढलेली दिसते. तो तिचा बंद रस्ता असतो. वाळवीचं अंग मऊ, उघड्या हवेत ती लगेच सुकते, म्हणून ती मातीत थुंकी मिसळून नळी बांधते आणि आतल्या ओलाव्यातून ये-जा करते.

चौकटीवर बोटाने ठोकलं तर भरीव आवाज न येता पोकळ येतो. रंग वरून अगदी चांगला दिसतो पण अंगठा दाबला की कागदासारखा आत जातो. आमच्या बाथरूमच्या चौकटीचं असंच झालं होतं, बाहेरून ऑइलपेंट चकचकीत, मी सहज पेचकसाचं टोक लावलं तर दांड्याची मूठ टेकेपर्यंत सरळ आत, काहीच अडवायला नाही, आणि बाहेर काढल्यावर टोकाला ओली काळी माती. लाकडाचा मऊ भाग खाऊन टाकून कडक रेषा तेवढ्या उभ्या ठेवलेल्या आणि मधे सगळी माती भरलेली.

कपाटाच्या मागचा प्लाय, माळ्यावरचे पुठ्ठ्याचे खोके, जुन्या वह्या, लग्नाचे अल्बम एकमेकांना मातीने चिकटलेले सापडतात. दिवाळीच्या साफसफाईत स्लायडिंग खिडकीच्या खाचेत पंखांचा ढीग सापडला तर तो बहुतेक जूनमधल्या पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळचा असतो. चारही पंख सारख्या लांबीचे असतील तर वाळवी. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान असतात.

आता एक फरक नीट बघा कारण इथे निम्मे लोक चुकतात. लाकडाखाली पिठासारखा भुसा पडतोय आणि लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आहेत, तर ती वाळवी नाही, भुंग्याची अळी आहे, औषधही वेगळं. आणि खसखशीसारखे कडक, बारीक, सगळे एका मापाचे दाणे पडत असतील, हातावर घेतले की रव्यासारखे घरंगळतात, तर ती कोरड्या लाकडात राहणारी वाळवी. ही किनारपट्टीकडे जास्त. तिचा मातीशी संबंधच नसतो, त्या खुर्चीत किंवा वाशातच तिचं सगळं घर असतं, म्हणजे तिच्यासाठी फरशीला भोकं पाडून औषध सोडणं म्हणजे पैसे पाण्यात. खाली जे लिहिलंय ते जमिनीतून येणाऱ्या वाळवीसाठी आहे, आपल्याकडे घरांना जास्त करून तीच लागते.

थंडीतच का दिसते, आणि थंडीतच का फसवते

लोकांना वाटतं थंडीत वाळवी मरते. नाही मरत. तिची वसाहत जमिनीत खोल असते आणि तिथे थंडी पोचत नाही. निफाडकडे पारा एक आकड्यावर येतो तेव्हासुद्धा हात-दोन हात खाली माती उबदारच असते. वरचा थर गार पडला की ती खाली सरकते किंवा उबेच्या बाजूला येते, आणि पावसाळा संपून अंगणातली माती सुकायला लागली की तिला ओल लागतेच. ऊब आणि ओल दोन्ही एकाच जागी कुठे मिळतात? गिझरच्या मागच्या भिंतीत. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या सामाईक भिंतीवर माती दिसायला लागते.

फसवणूक कुठे होते सांगते. सकाळी सातला तुम्ही भिंतीवरची नळी मोडता, आत एकही वाळवी नाही, माती कोरडी. तुम्ही म्हणता गेली. झाडून घेता, वरून रंग मारता. पण गार भिंतीवर ती सकाळी नसतेच, ऊन लागून भिंत तापली की दुपारी तीन-चारला त्याच रस्त्याने वर येते. मी स्वतः पहिली दोन वर्षं असंच समजून सोडून दिलं आणि तिसऱ्या वर्षी अख्खी चौकट बदलावी लागली, सागाची होती, पण सुतारमामांनी काढल्यावर दाखवलं की खालचा वीतभर भाग गाभ्याचा नव्हताच, सालीकडचा पांढरट होता. सागाचा गाभा वाळवी सहसा टाळते, पांढरं लाकूड मात्र चवीने खाते. तेव्हापासून नवीन चौकट घेताना रंग लागायच्या आधी मी उन्हात उभी करून बघते.

तपासणी, फुकटच्यापासून सुरू करून

पहिली गोष्ट, नळी मोडायची पण मधेच. दोन बोटं रुंद तुकडा काढायचा, वरचा आणि खालचा भाग तसाच ठेवायचा, आणि बाजूला भिंतीवर पेन्सिलने तारीख लिहायची. हे दुपारी करायचं. चार-पाच दिवसांनी बघायचं, थंडी कडक असेल तर दोन आठवडे वाट बघायची. तुकडा परत भरलेला दिसला, माती ओलसर आणि गडद, तर रस्ता चालू आहे. यावर स्प्रे मारायचा नाही, रॉकेल ओतायचं नाही, गरम पाणी नाही, काही नाही. हे मी इतकं तळमळून का सांगते तर स्प्रेने समोरच्या शे-दोनशे मरतात, बाकीच्या तो रस्ता सोडून देतात आणि भिंतीच्या आतून दुसरीकडे निघतात, मग पेस्ट कंट्रोलवाला आला की त्याला दाखवायला काहीच उरत नाही. राणी जमिनीत सुरक्षित असते, वर्षानुवर्षं जगते, दिवसाला हजारोंनी अंडी घालते. समोरच्या मारून हिशोब कधीच मिटत नाही. रॉकेलचा तर वेगळाच धोका, लाकडात मुरलेलं रॉकेल आणि शेजारी गिझरचा स्विच.

नळी खाली कुठे जाते आणि वर कुठे जाते ते टॉर्च लावून शोधा. खालचं टोक म्हणजे ती जमिनीतून आत शिरली ती जागा, वरचं टोक म्हणजे ती खातेय ती जागा. या दोन जागा कागदावर लिहून ठेवा, फोटो काढा. पुढचं सगळं याच्यावर चालतं.

दुसरं, भिंतीला टेकलेलं सगळं चार बोटं पुढे ओढा. कपाट, दिवाण, पुस्तकांचं शेल्फ. टेकलेलं असलं की मागे तिला आयता अंधार मिळतो आणि तुम्हाला सहा महिने पत्ता लागत नाही. पुठ्ठ्याचे खोके जमिनीवर ठेवू नका, फ्रिजचा, टीव्हीचा रिकामा खोका तर मुळीच नाही. पुठ्ठा तिला लाकडापेक्षा सोपा. आणि थंडीतली खास आमच्याकडची गोष्ट म्हणजे बंब. माहेरी अजून बंबावरच पाणी तापतं, त्यासाठी दादा नोव्हेंबरात सरपण आणून मागच्या पडवीत भिंतीला लावून रचायचा, बरोबर न्हाणीघराच्या भिंतीला, आणि दर वर्षी जानेवारीत त्याच भिंतीच्या आत माती चढायची. तीन वर्षं औषध झालं. शेवटी सरपण भिंतीपासून हातभर लांब, चार चिऱ्यांवर दोन लोखंडी अँगल टाकून त्यावर रचायला सुरुवात केली आणि पुढच्या थंडीत त्या भिंतीला माती आली नाही. खर्च शून्य, अँगल घरातच पडून होते. शेकोटीसाठी आणलेली लाकडं, गोवऱ्या, कडबा, सगळ्याला हेच लागू.

तिसरं पाणी. याला वेळ द्या, कारण परत परत येण्याचं कारण दहातल्या आठ वेळा मला इथेच सापडलंय. रात्री झोपताना सगळे नळ बंद करून टाकीतली पातळी खुणेने लिहा, सकाळी कोणी पाणी वापरायच्या आधी बघा. पातळी उतरली असेल तर कुठेतरी गळतंय. आधी फ्लशची टाकी बघा, ती सोपी. मग गिझरचे दोन जॉइंट, वॉश बेसिनखालचा बाटलीसारखा ट्रॅप, सिंकखालचा पाइप जमिनीत जातो ती जागा, वॉशिंग मशीनचं ड्रेन. हात फिरवून ओल कळत नसेल तर कोरडा टिश्यू पेपर जॉइंटभोवती गुंडाळून अर्धा तास ठेवा. नणंदेकडे गरम पाण्याच्या पाइपचा भिंतीतला एल्बो झिरपत होता, मिनिटाला दोन-चार थेंब असतील, थंडीत गिझर रोज चालायचा तेव्हा ती भिंत ओली आणि कोमट दोन्ही, आणि पलीकडच्या बाजूला किचन ट्रॉलीचा प्लाय. प्लंबरने एल्बो बदलला, गिलावा सुकायला सव्वा महिना लागला. त्याच्या आधी तिने दोन वेळा पेस्ट कंट्रोल केलं होतं आणि दोन्ही वेळा सहा महिन्यांत माती परत. तो एल्बो बदलल्यानंतर जे औषध झालं ते टिकलं.

बाहेरचा एसीचा पाइप आणि छपराचं पाणी भिंतीच्या मुळाशी पडतंय का तेही बघून घ्या.

चौथं, पेचकस. घरातल्या प्रत्येक चौकटीच्या खालच्या वीतभर भागात, उंबरठ्याजवळ, पेचकसाचं टोक हलकं दाबत जा. खालून सुरुवात करायची कारण ती खालून येते. किती उंचीपर्यंत मऊ आहे तिथे पेन्सिलने खूण. एकच चौकट खराब असणं आणि समोरासमोरच्या चार चौकटी खराब असणं यात खूप फरक आहे, दुसऱ्यात ती फरशीखालून सगळीकडे पसरलेली असते आणि तिथे घरगुती उपायांचा विषय संपला. ठोकल्यावर कान लावलात तर कधीकधी आतून बारीक टकटक ऐकू येते, ते तिचे सैनिक डोकं आपटून बाकीच्यांना सावध करतात. आमच्या भाचीने ते ऐकल्यावर रात्रभर तिला झोप लागली नव्हती.

पाचवं, घराबाहेर एक फेरी. जोत्याला लागून बाग केली असेल तर कुंडीतली किंवा वाफ्यातली माती जोत्याच्या वर चढलीय का बघा, चढली असेल तर खाली ओढा, जोत्याचा वीतभर भाग उघडा दिसलाच पाहिजे, म्हणजे नळी चढली तर डोळ्याला दिसेल. तोडलेल्या झाडाचं खोड जमिनीत राहिलंय का? जिन्याखाली सेंट्रिंगच्या फळ्या पुरल्या गेल्यात का? हे नवीन घरात फार सापडतं, काम संपताना तुटक्या फळ्या, रिपांचे तुकडे, सिमेंटच्या पिशव्या भरावातच दाबून टाकतात आणि मग घरमालक पाच वर्षांनी विचारतो की माझ्या नव्या घराला वाळवी कशी. आमच्या मागच्या पायरीखालून दीड पाटी कुजलेलं लाकूड निघालं.

कोकणातल्यांसाठी एक खूण. पावसाळ्यात अंगणात दर वर्षी एकाच जागी अळंबी उगवते ना, आपण हौसेने काढून भाजी करतो ती? ती खाली वाळवीने जोपासलेल्या बुरशीच्या मळ्यातूनच वर येते. म्हणजे तिथे वसाहत जिवंत आहे. ती जागा घरापासून चार-पाच पावलांवर असेल तर थंडीत त्या बाजूच्या भिंतीवर लक्ष ठेवा. वारूळ मात्र स्वतः फोडायला जाऊ नका. आमच्याकडे नागपंचमीला त्याची पूजा होते म्हणून आई हात लावू देत नाही हे एक, पण खरंच त्यात साप असू शकतो, आणि वरचं फोडून खालच्या राणीला काही होत नाही, चार दिवसांत परत बांधलेलं असतं.

सहावं, इलेक्ट्रिकची पट्टी आणि स्विचबोर्ड. वायरच्या पाइपातून ती सरळ माळ्यावर जाते. स्विचबोर्डच्या फटीतून माती बाहेर येताना दिसली तर तिथेच थांबा. बोर्ड उघडायचा नाही, आत काहीही फवारायचं नाही. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्याने बोर्ड मोकळा केल्यावरच पेस्ट कंट्रोलवाल्याने कोरडी पावडर वापरायची की काय ते ठरवू दे.

आपण स्वतः काय करू शकतो

वरचं सगळं झालं, पाणी बंद झालं, टेकलेलं सामान हललं, आणि नुकसान एखाद्या सुट्या वस्तूपुरतं आहे, म्हणजे एक शेल्फ, एक ड्रॉवर, कपाटाची पाठ, तर ती वस्तू बाहेर काढा, खराब भाग कापून टाका, उरलेल्या लाकडाला हार्डवेअरच्या दुकानात लाकडासाठीचं वाळवीचं औषध मिळतं ते ब्रशने दोन हात लावा. कापलेल्या कडांना आणि स्क्रूच्या भोकांना जास्त, कारण प्लाय कडेनेच पाणी आणि वाळवी दोन्ही घेतो. हातमोजे, मास्क, खिडक्या उघड्या, लहान मुलं घराबाहेर. लेबलवर लिहिलंय तेवढंच पाणी, अंदाजाने नाही. फिश टँक असेल तर त्याच खोलीत कामच करू नका, यातली बरीच औषधं माशांना अगदी थोडी लागली तरी पुरतात. कडुलिंबाचं तेल, बोरिक पावडर वगैरे सुट्या वस्तूंना थोडं बरं, पण जमिनीतून येणारा रस्ता त्याने बंद होत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

मातीची नळी फरशीतून किंवा भिंतीच्या आतून येतेय, दोन किंवा जास्त चौकटी पोकळ आहेत, मोडलेली नळी परत परत भरतेय, तर जमिनीत औषध सोडावंच लागतं आणि ते घरी करायचं काम नाही. याला भारतीय मानक आहे, आयएस ६३१३, त्याचा तिसरा भाग आधीच बांधलेल्या इमारतींसाठी आहे. त्यात भिंत आणि फरशीच्या सांध्यावर साधारण ३०० मिलिमीटर अंतराने १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध आत मुरवायचं असतं. नाशिकला आमच्याकडे जो माणूस येतो तो अंतर टेपने मोजून खुणा करतो, मगच ड्रिल लावतो, आणि प्रत्येक भोक औषध घेणं थांबेपर्यंत भरतो. त्याआधी एक जण आला होता तो हॉलमध्ये मोजून सहा भोकं पाडून पंचेचाळीस मिनिटांत गेला, ते वर्षभरही टिकलं नाही.

वासे, तुळई, आढं, माळ्याचे खांब पोकळ लागले तर पेस्ट कंट्रोलच्याही आधी जुन्या घरांचं काम करणारा सुतार किंवा स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवा आणि तोपर्यंत त्या खोलीत झोपू नका, टेकू लावून घ्या. औषध मारल्यावर वाळवी मरते, खाल्लेला वासा भरून येत नाही. विहीर घराजवळ असेल तर जमिनीत औषध सोडायच्या आधी ते स्पष्ट सांगा, कोकणात न्हाणीघरापासून विहीर वीस पावलांवर असते आणि हे कोणी विचारतच नाही. घरात बाळंतीण, तान्हं बाळ, दम्याचा माणूस असेल तर त्या दिवशी आणि पुढचे एक-दोन दिवस त्यांची सोय दुसरीकडे करा.

बोलावताना हे विचारा. कीटकनाशक कायदा १९६८ खालचा परवाना आहे का, दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही. औषधाचं नाव काय, इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल, बायफेन्थ्रिन की क्लोरपायरिफॉस, आणि सीलबंद डबा समोर उघडणार का. इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिलचा वाळवीला पत्ता लागत नाही, ती त्यातून चालत जाते आणि बाकीच्यांना लावते, म्हणून परिणाम दिसायला काही आठवडे जातात, दुसऱ्या दिवशी माती दिसली म्हणून भांडायचं नाही. वॉरंटी किती वर्षांची ते कागदावर, आणि त्यात फुकट किती वेळा येणार तेही कागदावर.

काम थंडीतच उरकून घ्या. ओल्या जमिनीत औषध नीट मुरत नाही, पावसात वाहून जातं, आणि डिसेंबर-जानेवारीत माती कोरडी असते, मुरतं चांगलं. शिवाय मे महिन्यात सगळे एकदम जागे होतात आणि चांगला माणूस मिळत नाही.

काम झाल्यावर भोकं पांढऱ्या सिमेंटने बंद करून घ्या. त्या कडेने नंतर टाइल्स बदलायला किंवा पाइप टाकायला खोदलं तर तिथलं औषधाचं कुंपण तुटतं, तेवढ्या भागाला परत औषध लागतं, प्लंबर येण्याआधी हे लक्षात ठेवा. जुनी नळी पूर्ण खरवडून काढा, भिंत पुसून घ्या आणि तिथेच परत तारीख लिहा. एक महिन्याने, तीन महिन्यांनी, दुपारच्या वेळी, टॉर्च घेऊन बघा. मग जूनमध्ये पहिल्या पावसानंतरच्या दोन-तीन संध्याकाळी घरातले दिवे लावून लक्ष ठेवा. पंखवाली खिडकीतून दिव्याकडे येत असेल तर ती बाहेरची आहे, खिडकी लावून घ्या. पण तीच भिंतीच्या फटीतून किंवा चौकटीच्या कडेतून बाहेर पडताना दिसली तर वसाहत अजून तुमच्या घराखालीच आहे. व्हिडिओ काढा आणि वॉरंटीचा कागद घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या माणसाला फोन लावा.